पंचनाम्यात बाई कुठे आहे?

ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला गावकऱ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली. बुडालेल्यांत बाया होत्या, लहान मुले होती. सरकारी बोटी वेळेवर का पोचल्या नाहीत, हे तेव्हा सगळ्यांनीच विचारले. मला त्यापुढचे विचारायचे आहे. पाणी ओसरल्यावर नुकसान कोणाच्या नावाने लिहिले गेले?

आम्ही काही जणी नदीकाठच्या एका गावात गाळ काढायला गेलो होतो. पंचनामा करणारे आले. पहिला प्रश्न, "घर कोणाच्या नावावर?" दारातली बाई म्हणाली, "सासऱ्यांच्या." सासरे कधीच वारलेले, नवरा सोडून गेलेला. तिचे शिलाई मशीन गाळात, शेळी वाहून गेलेली, मजुरी बुडालेली. कागदावर नाव चढले ते परगावी राहणाऱ्या दिराचे. "तुमचं तुम्ही घरात बघून घ्या," असे तिला सांगण्यात आले. घरातच बघून घ्यायचे, तर सरकार कशाला हवे?

२०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातली सर्वांत मोठी सज्ञान बाई कुटुंबप्रमुख ठरवली. म्हणजे रेशनच्या रांगेत उभे राहायला बाई प्रमुख आणि भरपाई घ्यायला पुरुष प्रमुख! हा कुठला न्याय?

निवाऱ्याच्या शाळेतही तेच. शेकडो माणसांचा स्वयंपाक बायांनी केला. मदतीच्या याद्या पुरुषांनी केल्या. जुन्या साड्यांचे ढीग आले, पण परकर आणि पाळीचे कपडे कोणाला सुचले नाहीत. आम्ही मागितले, तर एक कार्यकर्ता हसला.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. पुढेही येणार. धरणातून पाणी कधी सोडावे यावरचा वाद व्हायलाच हवा. पण आपला हिशेब आपणच मांडल्याशिवाय कोणी मांडणार नाही. पंचनाम्यावर घरात राहणाऱ्या बाईचे नाव आणि सही हवी. मशीन, शेळ्या, बुडालेली मजुरी यांची वेगळी नोंद हवी. पैसे तिच्या खात्यावर जमा व्हावेत. यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी.

मैत्रिणींनो, हा ठराव पावसाळ्याआधीच्या महिला ग्रामसभेत मांडा. पाणी दारात आल्यावर ठराव होत नसतात.