मैदान आणि जुने सोबती

गतवर्षी जुलै महिन्यातील एका सायंकाळी शाळा सुटल्यावर एक पालक आम्हांस भेटावयास आले. त्यांची कन्या तेव्हा नववीत होती व शाळेच्या खो-खो संघात चांगले खेळत असे. गृहस्थ शेतकरी, बोलण्यात अत्यंत नम्र. ते म्हणाले, “सर, पोरगी हुशार आहे. दहावीला नव्वदच्या पुढं गेली तर लातूरला ठेवून शिकवावी म्हणतो. आता हे खेळणं बास करा म्हणून तुम्हीच तिला सांगा.” आम्ही वाद घातला नाही. खरे सांगावयाचे तर वाद घालण्याचे धैर्यच आम्हांस झाले नाही. त्याच दिवशी आम्ही संघाच्या यादीतून तिचे नाव कमी केले. पुढे काही दिवस ती शिकवणीस जाण्यापूर्वी दप्तर पाठीवर घेऊन मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली क्षणभर उभी राही. मग तेही थांबले.

त्या दिवशी आम्ही केले ते योग्य झाले काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे. ‘खेळाने शरीर सुदृढ होते’ हे वाक्य आपण सर्वांनीच निबंधात लिहिले आहे, आणि त्याबद्दल कोणाचे दुमतही नाही. परंतु खेळाने शरीराखेरीज आणखी काय घडते व ते गमावल्याने मुलांचे काय जाते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. तो येथे करावा असे योजिले आहे.

प्रारंभीच हे मान्य केले पाहिजे की, पालकांची भीती निराधार नाही. आपल्या मराठवाड्यात पाऊस बेभरवशाचा आहे. सन २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलो नाही. ज्या घराने सोयाबीनचे उभे पीक डोळ्यांदेखत वाळताना पाहिले, त्या घरास मुलाच्या गुणपत्रिकेत आपली सुटका दिसली तर त्यात नवल काय? लातूर व नांदेड या दोन्ही शहरांत आज दूरदूरच्या गावांहून मुले शिकावयास येऊन राहतात, आणि त्यांतील कित्येकांनी आपल्या घराण्याचे दैन्य खरोखर दूर केले आहे. या प्रयत्नाची थट्टा करणे आम्हांस शोभणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, या हिशेबात एक रकमेची नोंद करावयाची राहून गेली आहे.

ती रक्कम कोणती, हे समजण्यास खो-खोच्या नियमांकडे लक्ष द्यावे. आपल्या शाळांतून जो खो-खो खेळतात, त्यात पाठलाग करणाऱ्या पक्षाचे आठ गडी रांगेत, एकाआड एक विरुद्ध दिशेस तोंड करून बसतात व नववा पाठलाग करतो. पळणाऱ्यास रांगेतून हवे तसे जाता येते; पाठलाग करणाऱ्यास मात्र ती रांग मधूनच ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरल्यावर मागेही फिरता येत नाही. तेव्हा तो कितीही चपळ असो, केवळ स्वतःच्या पायांवर विसंबून त्याला गडी मारता येत नाही. त्याला कोणास तरी खो द्यावाच लागतो. आणि खो दिल्यावर ज्याला उठविले त्याच्याच जागी मुकाट्याने बसावे लागते. बसलेल्याचीही परीक्षा काही कमी नाही. खो मागून येतो. तो येईपर्यंत उठावयाचे नाही, पण आला की क्षणाचाही विलंब लावावयाचा नाही. आपली पाळी येईपर्यंत सावध बसणे, आणि आपली पाळी संपताच दुसऱ्यास वाट देणे, या दोन गोष्टी कोणत्या पाठ्यपुस्तकातून शिकविता येतील? त्या मैदानातील मातीवर बसूनच शिकाव्या लागतात.

आणि हा खेळ काही आपल्या मुलामुलींना परका नाही. शेजारच्या धाराशिव येथील सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने सन २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, व २०२० साली तिला अर्जुन पुरस्काराने गौरविण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत नेपाळचा ७८ विरुद्ध ४० गुणांनी पराभव करणाऱ्या आपल्या महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे ही महाराष्ट्राचीच कन्या होय. पुरुषांनीही त्याच दिवशी विश्वचषक जिंकला. या मुलींच्या नववी-दहावीत कोणी त्यांचीही नावे यादीतून कमी केली असती तर?

कोणी म्हणेल, सर्वच मुले काही विश्वचषक खेळणार नाहीत. अगदी खरे. म्हणूनच पदकापेक्षा अधिक टिकाऊ अशा एका लाभाकडे आता वळू.

नांदेड व लातूर हा आपला मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या हैदराबादेत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शिक्षक होऊन गेले. त्यांनी हैदराबाद पोलिसांचा फुटबॉल संघ असा तयार केला की, मुंबईचा मानाचा रोव्हर्स चषक त्या संघाने १९५० पासून सलग पाच वर्षे जिंकला. पुढे भारताच्या संघाची धुराही त्यांच्याकडे आली. १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपला दोन गोलांनी पराभव केला. जर्नेलसिंग हा बचावफळीतील खंदा गडी. त्याच्या डोक्यास जखम होऊन टाके पडले. रहीम यांनी त्यास घरी धाडले नाही, आणि चेंडू डोक्याने अडविण्याच्या जागीही ठेविले नाही. त्यास पुढच्या फळीत उभे केले. अंतिम सामन्यात पुन्हा त्याच कोरियाशी गाठ पडली व भारताने दोन विरुद्ध एक अशी बाजी मारली. त्यांतील एक गोल पी. के. बॅनर्जी यांचा, व दुसरा त्याच जखमी जर्नेलसिंगचा! रहीम स्वतः त्या वेळी कर्करोगाने ग्रस्त होते. पुढल्याच वर्षी, १९६३ साली, ते निवर्तले.

त्या संघातील बंगालचे पी. के. बॅनर्जी व चुनी गोस्वामी आणि सिकंदराबादचे तुळशीदास बलराम, या तिघांची नावे फुटबॉलचे रसिक आजही एका दमात घेतात. प्रांत निराळे, मातृभाषा निराळ्या, स्वभावही निराळे. परंतु एकाच्या पायातला चेंडू दुसऱ्याने न सांगता ओळखावा, असे त्यांचे झाले होते. सन २०२० मध्ये मार्चच्या २० तारखेस बॅनर्जी गेले. अवघ्या सहा आठवड्यांत गोस्वामी गेले. आणि २०२३ च्या फेब्रुवारीत बलरामही गेले. विजयाला साठ वर्षे लोटली, तरी ती त्रयी काही फुटली नाही. हाच तो टिकाऊ लाभ.

थोरांच्या गोष्टीवरून आता आमच्या सामान्य संघाकडे यावे. आम्ही वसतिगृहात राहून आठवीत शिकत होतो त्या वर्षी, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ रोजी, पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील गावेच्या गावे मातीस मिळाली. दिवाळीनंतर आमच्या वर्गात औसा तालुक्यातील एक मुलगा दाखल झाला. त्याच्या घरातील कोण राहिले व कोण गेले, हे आम्ही विचारू नये अशी आम्हांस ताकीद होती. तो वर्गात बोलत नसे, जेवणाच्या पंगतीत मान वर करीत नसे. आमच्या व्यायामशिक्षकांनी काही उपदेश केला नाही. संघात एक जागा रिकामी होती, तेथे त्यास बसविले. आम्ही त्यास खो देऊ लागलो. प्रथम तो उशिरा उठे, कित्येकदा चुकीच्या दिशेस धावे, आणि आम्ही मुले त्यावर चिडतही असू. वर्षअखेरीस मात्र तो आमच्या संघाचा सर्वांत भरवशाचा गडी झाला. पुष्कळ वर्षांनी तो आम्हांस म्हणाला, “त्या वर्षी जो तो मला कींव केल्यासारखा बघायचा. तुम्ही तेवढे उशीर झाला म्हणून ओरडायचा. मला तेच बरं वाटायचं.”

या वाक्याचा अर्थ आम्हांस चाळिशी ओलांडल्यावर उमगला. दुःखी माणसास सहानुभूती हवी असते हे खरे. पण त्याहूनही अधिक, आपली कोणास तरी गरज आहे हे त्यास कळावे लागते. संघातील जागा हे त्यास सांगते, आणि शब्दांवाचून सांगते.

आता दुसरा प्रसंग. सन २०२१ च्या एप्रिलमध्ये महामारीच्या दुसऱ्या लाटेत आमचे वडील नांदेड येथील एका रुग्णालयात होते. आम्हीही आजारी, घराबाहेर पडण्याची सोय नव्हती. आमच्या त्या जुन्या संघातील चार जणांनी आपसांत पाळ्या लावल्या. एक एस. टी.त वाहक, एक औषधांच्या दुकानात, एकाची पिठाची गिरणी, आणि चौथा तो औसा तालुक्यातील, आता शेती करणारा. एकाने फाटकाबाहेरून हलावयाचे ते दुसरा येऊन बसल्यावरच, असे अठरा दिवस चालले. वडील घरी परतले. आम्ही आभार मानू लागलो तेव्हा गिरणीवाला हसून म्हणाला, “खो मिळाला की उठायचं, त्यात काय एवढं?” त्यांच्यापैकी एकाचेही दहावीचे गुण आम्हांस आज आठवत नाहीत. आमचे स्वतःचेही नीट आठवत नाहीत.

वर्गातही मैत्री जुळतेच. ती आम्ही हलकी मानीत नाही. परंतु मैदानावरच्या सोबत्याने आपणांस हरताना पाहिलेले असते, घाबरताना पाहिलेले असते, आपल्या चुकीने सामना गेल्यावर आपण कोणावर दोष ढकलला हेही पाहिलेले असते. इतके पाहूनही तो दुसऱ्या दिवशी आपल्याशेजारी येऊन बसतो. अशा मित्रापुढे मोठेपणाचे सोंग आणण्याचे कारण उरत नाही. आणि म्हणूनच संकटात त्याला हाक मारण्यास संकोच वाटत नाही.

ज्या खेळात गडी एकटाच उतरतो, तेथेही हाच न्याय आहे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे मल्ल हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी कित्येक शिष्य घडविले. हौद्यात मल्ल एकटा दिसतो खरा. पण तालमीत रोज त्याच्याशी झटणारा जोडीदार नसेल, तर त्याचा डाव पिकणार कसा? माळेगावच्या यात्रेतील दंगलीत जिंकणाऱ्या मल्लास खांद्यावर उचलून घेणारे बहुधा तेच असतात, ज्यांनी तालमीत त्याच्या हातून शंभरदा माती खाल्ली आहे.

येथे कोणी आमच्यावर एकांगीपणाचा आरोप करील, म्हणून सांगतो: मैदानावर पाय ठेविला की माणूस सज्जन होतो, असे आमचे मुळीच मत नाही. पंचांशी हुज्जत घालणारे, हरल्यावर सोबत्यास दूषण देणारे, जिंकल्यावर इतरांस तुच्छ लेखणारे खेळाडूही आम्ही पाहिले आहेत. त्यात आम्हां शिक्षकांचाही दोष आहे. आम्ही उत्तम नऊ जण निवडतो व उरलेल्यांस टाळ्या वाजविण्यास बसवितो; ढाल मिळाली की तिचे छायाचित्र काढतो, आणि पराभव झाला की त्यावर बोलतही नाही. वास्तविक शिकण्यासारखे पुष्कळ त्या पराभवातच असते.

तेव्हा आमची सूचना अगदी साधी आहे. नववी व दहावीच्या प्रत्येक मुलास व मुलीस आठवड्यातून चार दिवस, एक तास तरी, संघाने खेळण्यास मिळावा. शिकवणीची वेळ त्या तासावर येऊ नये. मुलींना मैदान मुलांनी सोडल्यावर नव्हे, तर हक्काने मिळावे; कारण ‘आता मोठी झाली’ या एका वाक्यासरशी त्यांचे खेळणे मुलांच्या आधीच संपते. आणि वार्षिक संमेलनाच्या दिवशी माजी विद्यार्थ्यांचा एक सामना व्हावा. म्हणजे पोट सुटलेली, केस पिकलेली माणसे एकमेकांस जुन्या टोपणनावांनी कशी हाका मारतात, हे आजच्या मुलांस पाहावयास मिळेल. पुढे काय कमवावयाचे आहे, हे त्यांना त्यावरून आमच्या लेखापेक्षा लवकर समजेल.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस एकच सांगणे. तुमच्या संघात जो सर्वांत हळू धावतो, त्यास खो देण्याचे टाळू नका. तो उठेपर्यंत कदाचित एखादा गडी निसटेल. पण माणूस निसटणार नाही.

पालकांसही एक कबुली द्यावयाची आहे. आरंभी ज्या मुलीची हकीकत सांगितली, ती आता दहावीत आहे. ती उत्तम गुण मिळवील यात आम्हांस शंका नाही, आणि मिळवावेत हीच आमची इच्छा आहे. तिचे ते मैदानावरचे वर्ष मात्र आता परत येणार नाही. ते आम्ही एका लेखणीच्या फटकाऱ्यासरशी घालविले. तिची धाकटी बहीण यंदा सातवीत आहे व तिने खो-खोसाठी नाव दिले आहे. दोन वर्षांनी तिचे वडील पुन्हा आम्हांस भेटावयास येतील. त्यांस आम्ही आदराने बसवू, चहा देऊ, त्यांचे म्हणणे पुरते ऐकून घेऊ. आणि या खेपेस वाद घालू.