वय नव्हे, दिवा चुकला

सव म्हटलं की लोकांना सावित्रीकाठची गरम पाण्याची कुंडं आठवतात. मला मात्र हल्ली आठवतात ते दिवे. कौलारू घर पाडायचं, स्लॅबचं बांधायचं आणि वर पीओपीच्या छतात दिव्यांची रांग लावायची, ही टूम आमच्याकडेही आलीय. म्हणाल, बाई निवृत्त झाल्या तरी चुका काढायचं सोडत नाहीत! पण ऐका तर खरं...

पुतण्यानं नवं घर बांधलं. ओटी, माजघर, स्वयंपाकघर सगळं एक केलं. पुढे सोफा, मधे जेवणाचं टेबल, शेवटी ओटा. वर ओळीनं चौदा गोल दिवे. बटण दाबलं की सगळं सोनाराच्या दुकानासारखं लखलखतं. "काकू, कसं वाटलं?" मी म्हटलं, छान. चूक माझीही आहेच.

पुढच्याच आठवड्यात माझ्या थोरल्या जाऊबाईंनी त्या ओट्यापाशी हात भाजून घेतला. सांडशीची पकड नीट बसली नव्हती, ते त्यांना दिसलंच नाही. उकळती आमटी हातावर आली. घरात सगळ्यांचं एकच, "आता वय झालं, ओट्यापाशी जाऊ नका." ज्या बाईनं पन्नास वर्षं या घराला जेवू घातलं, ती मान खाली घालून सोफ्यावर बसली. मला ते भाजण्यापेक्षा जास्त लागलं.

संध्याकाळी मी स्वतः त्या ओट्यापाशी उभी राहिले. दिवे हॉलच्या मधोमध, ओटा भिंतीला. म्हणजे दिवा पाठीमागे आणि माझ्याच डोक्याची सावली पातेल्यावर! चौदा दिवे जळताहेत आणि काम अंधारात.

वय झालंय हे खरंच. पण त्याचा अर्थ काय? वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळट होतं. विशीतल्या डोळ्याच्या मानानं साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. मग म्हातारीला तिप्पट उजेड द्यायचा, की तिला ओट्यापासून उठवायचं?

आमच्या लहानपणी घरात चिमण्या आणि कंदील होते. ते दिवस चांगले होते असं मी मुळीच म्हणणार नाही, चुलीच्या धुरानं कित्येकींचे डोळे गेले. पण कंदील तांदूळ निवडणारीच्या शेजारी असायचा. अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश होतो, हे आम्ही वर्गात शिकवायचो. घरात मात्र शिकवलं नाही.

निळ्या एलईडीच्या शोधासाठी 2014 साली तिघा शास्त्रज्ञांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या शोधामुळे आज नऊ वॅटमध्ये जुन्या साठ वॅटच्या बल्बइतका उजेड मिळतो. आणि आपण तो छताला टिकल्या लावायला वापरतो!

बरं, चौदा दिव्यांना बटणं दोनच. रात्री पाणी प्यायला उठलं की दिवाणावर झोपलेला माणूस जागा होतो. पंख्याच्या पात्यांवर दोन दिवे आलेत, पंखा फिरला की टेबलावर उजेड लपलपतो. पावसाळ्यात वीज गेली की बारा वॅटचे चौदा, म्हणजे 168 वॅटचा भार इन्व्हर्टरवर. आषाढात तर आमच्याकडे भरदुपारी दिवा लागतो.

मी हे सगळं सांगितल्यावर मिस्त्री म्हणाला, "काकू, रांग मोडली तर शोभा जाते." शोभा मलाही हवी. सोफ्यापाशी मंद पिवळा उजेड ठेवा. टेबलावर अडीच-तीन फूट उंचीवर एक दिवा टांगा. पण ओट्यावर, मांडणीच्या खालच्या कडेला, हातांच्या समोरून पडणारा दिवा आधी. तिन्ही भागांची बटणं वेगळी. यात खर्च वाढत नाही, चौदातले सहा-सात दिवे कमीच होतात.

फक्त हे वेळेवर ठरवायला हवं. छतातल्या दिव्यांचे पाइप स्लॅब ओतण्याआधी सळ्यांमध्ये टाकतात. एकदा काँक्रीट पडलं की मग तोडफोड. आणि त्या वेळी तिथे कोण असतं? मालक, मिस्त्री, वायरमन. जी रोज चार तास तिथे उभी राहणार, तिला कुणी बोलावतच नाही! टाइल्सचा रंग मात्र तिला विचारतात.

पुतण्याकडे आता ओट्यासमोरच्या भिंतीवर साधी एलईडीची ट्यूब लावलीय. वायर उघडीच आहे, शोभा गेली. जाऊबाई मात्र परत ओट्यापाशी आहेत.

माझ्या लेकाच्या घराचा स्लॅब पुढच्या महिन्यात आहे. मी वहीच्या पानावर ओटा, टेबल, देवघर काढून कोण कुठे उभं राहतं त्या खुणा केल्या आहेत. वायरमन हसला. हसू दे.

तुम्ही एवढंच करा. आज दिवेलागणीला आपल्या ओट्यापाशी उभे राहा आणि सावली कुठे पडते ते बघा. पुरुषांनीसुद्धा!