पार्किंग नको, रविवारची बस द्या

हिवाळ्यात दोन दिवस नवेगावबांधला जायचं म्हटलं की नागपुरात पहिला प्रश्न येतो, "गाडी कोणाची?" दुसरा प्रश्न, "ड्रायव्हर घेणार का?" गाडी किती वाजता सुटते, एसटी कुठून लागते, हे कोणी विचारतच नाही. "गाडी" या शब्दाचा अर्थ आपल्याकडे एका पिढीत बदलला. आपल्या आईवडिलांसाठी गाडी म्हणजे आगगाडी होती, आता गाडी म्हणजे दारातली कार.

मी आणि माझी पुण्याची मैत्रीण डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारसाठी तलावांच्या मुलखात जायचं ठरवतोय. दोघीही पन्नाशीच्या पुढच्या. तिला गाडी चालवता येत नाही आणि मला हायवेवर चालवायची हौस नाही. मुक्कामासाठी एका ठिकाणी फोन केला, तर नावाच्या आधी गाडीचा नंबर विचारला. गाडी नाही म्हटल्यावर पलीकडचे भाऊ दोन सेकंद गप्पच झाले. मग म्हणाले, "मग मॅडम, याल कशा?" माणूस भला होता, चिडवत नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता. तेच मला जास्त लागलं.

म्हणून ही पोस्ट. आधी आमचा बेत सांगते, मग मुद्द्याचं बोलते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भंडारा हा तलावांचा जिल्हा. १ मे १९९९ ला त्यातून गोंदिया वेगळा झाला आणि तलाव दोन जिल्ह्यांत वाटले गेले. हे तलाव बहुतेक निसर्गाने दिलेले नाहीत, माणसांनी बांधलेले आहेत. धानाला पाणी हवं म्हणून कोहळी समाजातल्या जाणत्या लोकांनी उतार पाहून, पाळ घालून पाणी अडवलं. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी घातला असं सांगतात. भोवतीच्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, तलाव सरकारकडे आले, आणि "माजी मालगुजारी" चं लोकांच्या तोंडी "मामा तलाव" झालं. मोठा तो तलाव, लहान ती बोडी. या भागात एसटीच्या खिडकीत बसलात तर बोड्या मोजता मोजता थकाल.

हिवाळा हाच इथला खरा मोसम. थंडी एक आकडी होते, धान कापून झालेलं असतं, बाजारात शिंगाडे येतात. तलावांवर पाहुणे उतरतात: तलवार बदक, चक्रवाक, आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब. महाराष्ट्रात सारस बघायचा तर गोंदियाच्याच धानाच्या बांध्यांकडे यावं लागतं, आणि तोही आता बोटांवर मोजण्याइतका उरलाय. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावला राहिले आणि त्यांनी हे पाणी नि ही पाखरं अख्ख्या महाराष्ट्राच्या घरात पोचवली. त्यांचं वाचून इथे येणारी माणसं आजही आहेत. माझी मैत्रीण त्यातलीच.

आता बेत. ती शुक्रवारी महाराष्ट्र एक्सप्रेसने येईल. ही गाडी कोल्हापूरहून निघते आणि पुणे, नागपूर करत थेट गोंदियाला जाते. मी नागपूरला तिच्याच डब्यात चढणार. मुंबईकरांना विदर्भ एक्सप्रेस आहे, तीही गोंदियापर्यंतच जाते. म्हणजे राज्याच्या दुसऱ्या टोकावरून तलावांच्या दारापर्यंत एका तिकिटात येता येतं. पुढची गंमत ऐका. गोंदियाहून बल्लारशाला जाणारी लाइन तलावांच्या मुलखाच्या मधोमध जाते. सौंदड, देवलगाव, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड. नवेगावबांधला जवळचं स्टेशन देवलगाव. शुक्रवारची रात्र गोंदियात, शनिवारी सकाळी पॅसेंजरने देवलगाव, तिथून ऑटो. स्टेशन लहान आहे, उतरल्यावर वाहन समोर उभं असेलच असं नाही. म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी आधीच सांगून ठेवायचं. पॅसेंजर चुकली तर गोंदियाहून कोहमारामार्गे एसटी. वेळा मुद्दाम देत नाही, त्या बदलतात. निघण्याच्या आदल्या दिवशी बघून घ्या.

शनिवार दिवसभर तलाव. पाळीवरून चालायचं, दुर्बीण आळीपाळीने वापरायची. जंगल सफारी करायचीच असेल तर जिप्सी भाड्याचीच असते, तुमची कार तिथे तशीही कामाची नाही. संध्याकाळी मासे मिळाले तर मासे, नाहीतर पोपटाच्या शेंगांची भाजी आणि भात.

आणि रात्री, जमलं तर, झाडीपट्टीचं नाटक. दिवाळीनंतर वडश्याच्या कंपन्या गावोगाव निघतात. मंडई असो, शंकरपट असो, रात्री नाटक ठरलेलं. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईला ही रंगभूमी कळली. इकडे तर ती घरचीच. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतो. शाल, मफलर, दोन कप चहा, खाली बसायला सतरंजी. बिनगाडीवाल्यांसाठी ही सगळ्यात सोयीची करमणूक आहे, कारण नाटक सुटेस्तोवर सकाळच्या पहिल्या बसची वेळ होत आलेली असते.

रविवारी गोठणगाव. १९७२ पासून तिथे तिबेटी वसाहत आहे. पण हिवाळ्यात तिथली बरीच माणसं स्वेटर विकायला शहरांत गेलेली असतात. आपण नागपुरात ज्यांच्याकडून स्वेटर घेतो त्यातली काही इथलीच. तिबेटच्या बाजूचे पट्टकदंब तलावावर येतात त्याच दिवसांत वसाहतीतली माणसं बाहेर जातात. तिथून इटियाडोहचं पाणी बघायचं आणि परत.

आणि इथेच बेत अडतो. रविवारी.

गावखेड्याच्या एसटी फेऱ्या बऱ्याच ठिकाणी शाळा-कॉलेजच्या वेळेवर बांधलेल्या आहेत. मानव विकासच्या निळ्या बस मुलींसाठी सुरू झाल्या आणि त्यांनी या भागात मोठं काम केलं. एरवी सातवीनंतर घरी बसली असती अशी मुलगी त्या बसमुळे दहावी झाली. पण रविवारी शाळा नाही, म्हणजे शाळेची फेरी नाही. पर्यटक येतो शनिवार-रविवारी आणि बस कमी होते ती नेमकी तेव्हाच. मग पर्यटक कार आणतो. कार आणली की अधिकारी म्हणतात, बघा, सगळे कारनेच येतात, पार्किंग वाढवा. पार्किंग वाढलं की अजून कार. बस रिकामी धावते म्हणून आणखी एक फेरी बंद. हे चक्र आपण फिरवतोय आणि त्याला विकास म्हणतोय.

कोणी म्हणेल, दोन बायांच्या सहलीसाठी सरकारने बस सोडायची का? नाही हो. आमच्यासाठी नकोच. रविवारी गोठणगावहून अर्जुनीला बाजाराला, दवाखान्याला, लेकीच्या घरी जाणारी बाई आहे ना, तिच्यासाठी सोडा. आम्ही दोघी मागच्या सीटवर बसू. पर्यटकाची बस आणि गावाची बस वेगळी नसतेच, हाच माझा मुद्दा आहे. पार्किंगचा उपयोग फक्त बाहेरून येणाऱ्याला. बसचा उपयोग दोघांना.

पैशाचंही बघा. कारवाला नागपूरहून डिक्कीत पाण्याच्या बाटल्या, चिवडा, सगळं भरून आणतो. दुपारी येतो, फोटो काढतो, अंधार पडायच्या आत हायवेला लागतो. गावात त्याने काय ठेवलं? प्लास्टिक. बसने येणारा माणूस थांबतो, कारण त्याला थांबावंच लागतं. तो स्टँडवर चहा पितो, ऑटोवाल्याला पैसे देतो, खानावळीत जेवतो, शिंगाडे विकत घेतो, मुक्काम करतो. दोन कार येण्यापेक्षा दोन मुक्काम गावाला परवडतात.

आणि जंगलाचं काय? नवेगाव आणि नागझिरा मिळून डिसेंबर २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. पण या दोन जंगलांच्या मधून हायवे जातो. रुंदीकरणात वन्यप्राण्यांसाठी काही ठिकाणी पुलाखालून वाटा ठेवल्या, ते चांगलं झालं. पण बाकीच्या रस्त्यांवर काही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एका कारने तरुण वाघाला उडवलं. तो जखमी वाघ रस्त्यावरून फरफटत जातानाचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितला, हळहळलो, फॉरवर्ड केला. वाघ गेला. आणि पुढच्या सुट्टीत आपण त्याच रस्त्याने, तसेच घाईत, वाघ बघायला निघालो. चाळीस माणसं एका एसटीत बसली तर त्या रस्त्यावर दहा कार कमी होतात, हे गणित पाचवीतलं पोर सांगेल.

मी कारच्या विरोधात नाही. गुडघे दुखणारे आजोबा, तान्हं बाळ, दिव्यांग माणूस, यांना कार लागते आणि ती असावी. रात्री-अपरात्री एकट्या बाईने निर्जन स्टेशनवर उतरावं असंही मी म्हणणार नाही. म्हणूनच तर बस आणि गाडीच्या वेळा जुळायला हव्यात, स्टेशनवर दिवा हवा. "बसने सोय नाही" हे बस बंद करायचं कारण होत नाही, सोय करायचं कारण होतं.

रेल्वेचंही बोलते. इतवारी-नागभीडची छोटी लाइन नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली. हळू होती, पण उमरेड-भिवापूरची माणसं तिने नागपूरला येत होती, आणि नागभीडला उतरून तलावांच्या लाइनला लागता येत होतं. मोठी लाइन व्हायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण ती सुरू होईल तेव्हा तिच्यावर फक्त मालगाड्या आणि न थांबणाऱ्या एक्सप्रेस नकोत. नागपूरहून नागभीड, वडसा, अर्जुनी, देवलगाव करत गोंदियाला जाणारी एक साधी पॅसेंजर हवी, प्रत्येक स्टेशनवर थांबणारी. वेळापत्रक ठरायच्या आधी मागितलं तर मिळतं, नंतर मागितलं तर निवेदनं देत बसावं लागतं.

मागण्या फार नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, शनिवार-रविवारी, देवलगाव स्टेशन ते नवेगावबांध ते अर्जुनी ते गोठणगाव अशी एक बस, सकाळ-संध्याकाळच्या पॅसेंजरशी वेळ जुळवून. स्टँडवर आणि स्टेशनवर खरं वेळापत्रक, रंगवलेलं, वाचता येणारं. आणि गावातल्या एखाद्या बचत गटाकडे भाड्याच्या दहा-पंधरा सायकली. यातलं काहीही नव्या पार्किंगच्या सिमेंटपेक्षा महाग नाही. बायांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर २०२२ पासून फुकट आहे. सवलत दिली, चांगलं केलं. पण जी बस येतच नाही तिच्यात अर्ध्या तिकिटाचं काय करायचं?

ज्यांनी हे तलाव बांधले त्यांनी पाणी एकट्यासाठी अडवलं नव्हतं. एक पाळ, आणि खाली सगळ्यांच्या बांध्या. तलाव सगळ्यांचा राहिला आणि तिथे जायचा रस्ता मात्र कारवाल्यांचा झाला, हे काही बरोबर नाही.

आम्ही दोघी जाणार आहोत. बस मिळाली तर बसने, नाही मिळाली तर ऑटोने, तोही नाही मिळाला तर मैल-दोन मैल पायी. पण आमचं सोडा. अर्जुनी, सडक अर्जुनी, साकोली, लाखांदूर, देवरी, तिकडचे जे कोणी वाचताय, एक काम करा. तुमच्या गावातून रविवारी पहिली बस किती वाजता सुटते आणि शेवटची किती वाजता परत येते, ते गावाच्या नावासकट खाली लिहा. फेरी बंद झाली असेल तर कधीपासून, तेही लिहा. सगळं एका कागदावर उतरवून आगारात आणि आमदारांकडे द्यायचं माझ्याकडे लागलं.