आधी कार्यभाराचे बोला!

महाविद्यालयातल्या एखाद्या विभागाच्या बैठकीत बदलाचा प्रस्ताव सहसा कोणी फेटाळत नाही. ‘कल्पना उत्तम आहे’ असेच सगळे म्हणतात. मग कोणी म्हणते, ‘विद्यापीठाचे परिपत्रक येऊ द्या.’ कोणी विचारते, ‘आपल्या मुलांना झेपेल का?’ चहा येतो, बैठक संपते आणि प्रस्ताव इतिवृत्तात चिरनिद्रा घेतो. ही कला केवळ आपलीच नव्हे. केंब्रिजच्या एफ. एम. कॉर्नफर्ड यांनी १९०८ साली तिच्यावर एक उपरोधिक पुस्तिकाच लिहिली होती.

हा प्राध्यापकांचा घरगुती मामला म्हणून सोडून देता येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम अशी नवी मांडणी आपल्या महाविद्यालयांत आली आहे. तिच्यात नेमके काय शिकवायचे, यातले बरेचसे विभागातल्या चार-पाच माणसांच्या मनावर ठरते. तुमची-आमची मुले पुढे तीन-चार वर्षे तेच शिकतात.

समजा, इतिहास विभागातल्या एका तरुण प्राध्यापिकेने सुचवले की, एक जुना पेपर कमी करून मोडी वाचन शिकवू या. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. घरोघरी जुनी खरेदीखते आहेत. वाचणारे मात्र थोडे. कल्पनेत खोट काहीच नाही. तरीही सहकारी दर्जाची, परंपरेची, ‘मूळ विषयाच्या गाभ्याची’ चर्चा सुरू करतात. हे ताकाला जाऊन भांडे लपवणे असते. मनातला प्रश्न एकच असतो, ‘माझ्या तासांचे काय?’

या प्रश्नाला हसू नये. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवावे, असा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीचा दंडक आहे. पेपर गेला की तास जातात, तास गेले की पद अतिरिक्त ठरण्याची धास्ती. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याचे तर तास गेले की घरखर्चच गेला. शिवाय पन्नाशीतल्या प्राध्यापकाला नवी लिपी शिकून विद्यार्थ्यांसमोर चाचपडत उभे राहायचे असते. ती लाज कोणी बोलून दाखवत नाही.

सुधारक मंडळींचे घोडे इथेच पेंड खाते. ती काळाची गरज सांगतात, परदेशी विद्यापीठांचे दाखले देतात आणि समोरच्याला जुनाट ठरवतात. ज्याला जुनाट म्हटले, तो आपल्या बाजूने हात कशाला वर करील?

न्यायमूर्ती रानड्यांची रीत वेगळी होती. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेली मराठी पुन्हा आत यावी, ही त्यांची खटपट. मराठीत उच्च परीक्षेच्या तोलाचे ग्रंथ आहेतच कुठे, असा आक्षेप होता. त्याला त्यांनी केवळ भाषाभिमानाने उत्तर दिले नाही. १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीवर टिपण लिहून ग्रंथांचा हिशेबच मांडला. त्यांच्या आयुष्याच्या अखेरीस, १९०१ च्या सुमारास, एम. ए. च्या अभ्यासक्रमात मराठीचा शिरकाव झाला. आक्षेप खरा मानायचा आणि मग त्याचे उत्तर शोधायचे, हा तो धडा.

म्हणून मोडीवाल्या प्राध्यापिकेने बैठकीआधी वेळापत्रक घेऊन एकेकाशेजारी बसावे. कोणाचे किती तास राहतील, प्रश्नपत्रिका कोण काढील, तासिकेवरच्या सहकाऱ्याला कोणते काम मिळेल, हे कागदावर दाखवावे. ज्येष्ठांना मोडी नसेल येत. पण त्या कागदातला सरंजाम आणि वतन त्यांच्याइतके कोण समजावील? तो भाग त्यांच्याकडे द्यावा. आणि एकाच सत्राची परवानगी मागावी. जमले नाही तर जुना पेपर परत येईल, हे लेखी असावे. परतीची वाट दिसली की माणूस पाऊल टाकतो.

‘प्राचार्यांकडून आदेशच काढा’ म्हणणारेही असतात. आदेशाने पेपरचे नाव बदलते. वर्गात पिवळ्या पडलेल्या जुन्याच नोट्स वाचल्या जातात. आणि विरोध करणारा दर वेळी चुकीचाच असतो असेही नाही. ‘साठ मुलांना एकाच शिक्षकाने मोडी गिरवून घ्यायची कशी?’ असे विचारणारा सहकारी योजनेतले छिद्रच दाखवत असतो. त्याचे आभार मानून तुकड्या लहान कराव्यात.

अर्थात, सारा भार सहकाऱ्यांच्या मनधरणीवर टाकणे हाही अन्यायच. प्राध्यापकांची पदे रिकामी ठेवायची, तासिकेवर गाडा ढकलायचा आणि वर नवनव्या विषयांचा आग्रह धरायचा, हे सरकारला शोभत नाही. ज्याला उद्याच्या तासाची शाश्वती आहे, तोच नव्या विषयाला निर्धास्तपणे होकार देऊ शकतो. सरकारने ती शाश्वती द्यावी आणि बदल मागणाऱ्यांनी सहकाऱ्यांपुढे भाषणाऐवजी हिशेब ठेवावा. मग प्रस्ताव इतिवृत्तात झोपणार नाहीत, वर्गात पोहोचतील.