दोन टाळ्यांमधला वेळ

जपानमध्ये तयार होणाऱ्या कार्टून चित्रपटांना व मालिकांना 'अ‍ॅनिमे' म्हणतात. त्यांपैकी काही तुम्ही पाहिलेही असतील. त्यांच्याविषयी पुष्कळ मुले एक तक्रार करतात. "सर, गोष्ट मध्येच थांबते. नुसते आकाश दिसते, पाऊस पडतो, कीटक ओरडत राहतात. असे का?" माझे मत असे आहे की, गोष्ट तेथेही चालूच असते. फक्त ती ऐकण्याची सवय आपल्याला नसते.

उर्दू शायरीत शमा आणि परवाना हे शब्द आले की तुम्हाला त्यांचा अर्थ विचारावा लागत नाही. खिजाँ म्हटले की मनात उदासी येते. जपानी लोकांचेही तसेच आहे. 'हायकू' या त्यांच्या छोट्या कवितेत ऋतू सुचवणारा शब्द घालण्याची जुनी परंपरा आहे. शिरीष पै यांनी हा काव्यप्रकार मराठीत रुजवला. जपानी चित्रपटांत हेच काम आवाज करतात.

सिकाडा नावाच्या कीटकाचे उदाहरण घ्या. तो उन्हाळ्यात झाडावर बसून मोठ्याने ओरडतो. कित्येक वर्षे जमिनीखाली राहून तो बाहेर येतो आणि थोडेच आठवडे जगतो. म्हणून त्याच्या आवाजाने उन्हाळा आठवतो आणि आयुष्य किती थोडे आहे हेही आठवते. 'हिगुराशी' जातीचा सिकाडा पहाटे व संध्याकाळी ओरडतो. दुपारच्या प्रसंगानंतर त्याचा आवाज आला, की संध्याकाळ झाली हे कोणाला सांगावे लागत नाही. १९९५ साली सुरू झालेल्या 'इव्हँजेलियन' या मालिकेत तर सिकाडा सतत ओरडत असतात. कारण त्या कथेत एका महासंकटानंतर जपानमध्ये कायमचा उन्हाळा आलेला असतो. तेथे तोच ओळखीचा आवाज भीतीदायक वाटतो.

हायाओ मियाझाकी हे जपानचे थोर दिग्दर्शक. त्यांच्या 'माय नेबर तोतोरो' (१९८८) या चित्रपटात दोन बहिणी पावसात बसथांब्यावर वडिलांची वाट पाहतात. धाकटी थोरलीच्या पाठीवर झोपते. शेजारी तोतोरो हा जंगलातील अजब प्राणी येऊन उभा राहतो. थोरली त्याला छत्री देते. झाडावरचे थेंब छत्रीवर टपटप पडतात आणि त्या आवाजाने तो खूश होतो. या प्रसंगात संवाद फार थोडे आहेत. तरी मुलींची काळजी आणि नवल दोन्ही आपल्यापर्यंत पोहोचतात. २००२ साली अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांच्याशी बोलताना मियाझाकी यांनी टाळ्या वाजवून दाखवल्या. दोन टाळ्यांमधल्या रिकाम्या वेळेला जपानीत 'मा' म्हणतात, असे त्यांनी सांगितले.

काही जण म्हणतील, हा सारा पैसे वाचवण्याचा प्रकार आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. १९६३ साली ओसामू तेझुका यांची 'अ‍ॅस्ट्रो बॉय' ही मालिका दूरदर्शनवर सुरू झाली. तेव्हा पैसा व वेळ कमी असल्यामुळे स्थिर चित्रे वापरून काम भागवले जाई. परंतु काटकसरीने घेतलेली वस्तूही उत्तम रीतीने वापरता येते. त्या चित्रातून काही अर्थ निघतो की नाही, एवढेच आपण पाहावे.

इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (१९८८) पाहा. १९४५ सालच्या युद्धात कोबे शहरावर बाँब पडतात. सेइता आणि त्याची लहान बहीण सेत्सुको यांची आई मरण पावते. एका रात्री दोघे काजवे पकडून मच्छरदाणीत सोडतात. क्षणभर उजेड होतो. सकाळी सारे काजवे मेलेले असतात आणि चार वर्षांची सेत्सुको खड्डा खणून त्यांना पुरते. कंटाळून हा प्रसंग पुढे ढकलणाऱ्या मुलाला युद्ध म्हणजे काय, हे समजणार नाही.

मोठी माणसेही अशी घाई करतात. मियाझाकी यांच्या 'लापुता' (१९८६) या चित्रपटाची इंग्रजी आवृत्ती निघाली, तेव्हा अमेरिकन प्रेक्षकांसाठी संगीतकार जो हिसाइशी यांच्याकडून जास्तीचे संगीत करून घेण्यात आले. मूळ चित्रपटातील शांत जागा त्याने भरून गेल्या. माझ्या मते हे योग्य झाले नाही. शांतता म्हणजे उणीव, असे समजणारा प्रेक्षक चित्रपटातच काय, माणसांच्या बोलण्यातही पुष्कळ काही गमावतो. दुःखी मित्र कधी कधी गप्प बसतो. त्याचे गप्प बसणेही ऐकता आले पाहिजे.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी पडद्यावर नुसता पाऊस पडू लागला, तर बटणाकडे हात नेऊ नका. आधी काय घडले आणि आता कोणता आवाज येत आहे, याचा विचार करा. उत्तर तुमचे तुम्हालाच सापडेल.