आळशी भाषा आणि आठ मास्तर

गेल्या आठवड्यात पुण्याहून नातू वैतरण्याला आला होता. आल्यापासून लॅपटॉपसमोर, चेहरा उतरलेला. दुसऱ्या रात्री म्हणाला, "आजोबा, एका प्रोसेसरवर प्रोग्राम चाळीस सेकंदांत संपतो. आठ लावले तर बावन्न लागतात. सर म्हणतात भाषाच बदल. प्रकल्प सोडून देतो."

मी मराठीचा बी.ए. संगणक माझ्यासाठी हा ब्लॉग टंकण्यापुरता. तरी म्हटलं, मला समजावून तर सांग. सांगता सांगता सांगणाऱ्यालाच अर्धं उत्तर सापडतं, हे वर्गात कितीदा पाहिलंय.

भाषेचं नाव हॅस्केल, हॅस्केल करी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाच्या नावावरून. पहिली आवृत्ती १९९० ची. स्वभावाने आळशी, आणि तो आळस कर्त्यांनी जाणूनबुजून ठेवलेला! बेरीज सांगितली तर करत नाही, "मागाल तेव्हा करीन" अशी चिठ्ठी लिहून ठेवते. कुणी मागितलंच नाही तर तेवढे श्रम वाचले. (अशा मुलांना मी चौतीस वर्षं बाकावर उभं केलं. असो.) पण दहा लाख आकड्यांची बेरीज असेल तर चिठ्ठ्यांची चळत साठते. जीएचसी नावाचा तिचा कंपायलर हुशार आहे. उत्तर लागणारच हे ओळखता आलं तर तो चिठ्ठी न लिहिता काम उरकून टाकतो. मात्र प्रत्येक वेळी ते ओळखता येत नाही. मग प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच "हे आत्ता कर" असं बजावावं लागतं.

आता आठ प्रोसेसर. नातवाने कामाचे वाटे करून दिले होते. प्रत्येकाने काय केलं? वरचं पाकीट उघडलं, आत आणखी चिठ्ठ्या आहेत एवढं पाहिलं आणि "झालं" म्हणून मोकळा! खरं काम शेवटी मुख्य धाग्याच्याच गळ्यात. मला हसूच आलं. पेपर तपासायला आठ मास्तर बसवावेत, त्यांनी गठ्ठ्यांची फक्त दोरी सोडावी आणि गुण मात्र हेडमास्तरांनी द्यावेत, तसलं हे.

दुसरी अडचण कचऱ्याची. वापरून झालेल्या चिठ्ठ्या झाडून काढायच्या तर सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं. आठवा थांबेपर्यंत सात जण ताटकळत, आणि आठवा प्रोसेसर गुंतला होता नातवाची गाणी वाजवण्यात! मागची एक्स्प्रेस पुढे जावी म्हणून आमची लोकल थांबवतात, त्या वैतरणेकराला हे वेगळं सांगायला नको. २०२० च्या ८.१० आवृत्तीत बरंचसं झाडणं काम चालू असतानाच करायची सोय आली, पण सगळंच थांबणं त्यानेही टळत नाही.

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० केला, तेव्हा अनेक प्रोसेसर एकत्र जुंपल्याची बातमी मी वर्गात छाती फुगवून सांगितली होती. हात वाढले की काम झटपट, एवढंच कळत होतं. जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ सालीच बजावलं होतं की दहातला एक भाग एकट्यानेच करायचा असेल, तर कितीही प्रोसेसर लावा, वेग दहापटीपलीकडे जाणार नाही.

नातवाची एक तक्रार मात्र मला पटते. "काय हवं ते सांगा, कसं करायचं ते आम्ही बघू" असं म्हणणाऱ्या भाषेने वेग हवा म्हणताच आपल्या पोटातली यंत्रणा शिकायला लावावी, हे खोटं आश्वासनच झालं. पण म्हणून भाषा टाकायची? कोण कुठे खोळंबलंय ते न पाहता? थ्रेडस्कोप नावाचं साधन प्रत्येक प्रोसेसरचा वेळ पट्ट्यांनी दाखवतं. ते त्याने तोवर उघडलंच नव्हतं. ही चूक भाषेची नाही, आणि सरांचीही नाही. हे मी तोंडावर सांगितलं. थोडा रागावला.

मग रात्री दीडपर्यंत बसला. प्रत्येक वाटा आतपर्यंत पुरा करायला लावला, वाटे मोठे केले, गाणी बंद केली. आठ प्रोसेसरवर अकरा सेकंद. आठपट नाही, साडेतीनपटीच्या जरासं वर.

सकाळच्या गाडीने गेला. सरांना काय सांगणार, विचारलं. म्हणाला, "आधी पट्ट्या दाखवीन."