तुटला तर लाख, वाचवला तर शून्य!



पाटण तालुक्यातल्या एका वाडीत शाळूचा कडबा कापताना एका मजूर बाईचा हात कुट्टीयंत्रात गेला. हाडाचा चुरा झाला, पण हात वाचण्याजोगा होता. ऑपरेशनसाठी नवऱ्याने शेळ्या विकल्या, गावाने वर्गणी काढली. आम्हीही झोळी फिरवली. गावाने धावून जावेच. पण सरकार कुठे होते?

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना २०२३ पासून सानुग्रह अनुदानाची झाली. एक हात कायमचा गेला तर १ लाख, दोन्ही गेले तर २ लाख. हात वाचवायला मात्र दमडी नाही! म्हणजे डॉक्टर हुशार निघाला की शेतकरी बुडाला. त्यातही लाभ फक्त सातबारावाल्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. यंत्राच्या तोंडात पेंढी सारते ती बाई भूमिहीन. तिला तेही नाही.

साहेब म्हणतील, फुले जनआरोग्य योजना आहे ना! आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण यादीतल्याच रुग्णालयात. रक्त वाहणारा हात घेऊन यादी कुठे शोधायची? ती चावडीवर लागलेली आम्ही तरी पाहिली नाही. तुटलेल्या हाताला जेमतेम सहा तास असतात. जीप मिळेपर्यंतच दोन जातात.

यादी चावडीवर लावा. मजुराला योजनेत घ्या. आधी उपचाराचे बिल भागवा, अपंगत्वाचे टक्के मागाहून मोजा. आम्ही मागतो ती भीक नव्हे. पडेल भावाने ज्वारी-कापूस विकून आम्ही तिची किंमत केव्हाच चुकती केली आहे.

सोमवारी तहसीलवर जायचे आहे. झोळी घरी ठेवून या.